गावठाणाकडची पट्टी : डिसेंबर ते जुलैच्या नोंदी

किल्लारीच्या आजूबाजूचं आमचं शिवार. 1993 च्या भूकंपानंतर गाव उठून नव्या जागी गेलं, शेत जिथल्या तिथं राहिलं. जुन्या गावठाणाला लागून असलेली शेताची कडेची पट्टी, साधारण पाऊण एकर, तेव्हापासून पडीक आहे. ढिगारे उपसताना निघालेला दगड तिथंच येऊन पडला आणि त्यावर वेडी बाभूळ माजली. ही पट्टी या खरिपात पेरणीला आणायची असं घरात ठरलं. बाकीची कामं थांबणार नाहीत, म्हणून त्यांच्याही नोंदी यातच. ट्रॅक्टर घरचा, 45 एचपीचा, जुना. सोबत दोन फाळी पल्टी नांगर, नऊ फणी कल्टिव्हेटर आणि दोन चाकी ट्रॉली. पेरणी यंत्र भाड्यानं.

22 डिसेंबर 2024

आज पट्टी फिरून पाहिली. आबा पुढं, हातात पहार. जिथं पहार टणकन वाजली तिथं आमचे सालगडी तात्या यांनी चुन्याची चिमूट टाकली. वर पडलेल्या दगडाची भीती नाही, तो दिसतो. अर्धा गाडलेला असतो तोच फाळ मोडतो.

भावाचं म्हणणं, जेसीबी लावा आणि मोकळे व्हा. मला ते पटत नाही. बकेट एका दगडासाठी हातभर माती उचलतो, खालचा मुरूम वर येतो आणि वरची काळी खाली जाते. या कडेला काळीचा थर जेमतेम दीड-दोन फूट. तो एकदा उलटापालटा झाला की पुढची काही वर्षं तिथं पीक पिवळंच दिसणार. शिवाय पैशाचं गणित आहेच. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव 4,892 रुपये, आणि लातूरच्या बाजारात दर चार हजारांच्या आसपास रेंगाळतोय. त्या भावात पडीक पट्टीवर जेसीबीचे तास जाळायचे, तर ते कधी फिटणार?

क्रम असा लावलाय: आधी बाभळी, मग वरचे दगड, मग नांगर, नांगराला लागलेले दगड पुन्हा वेचायचे, त्यावर तलावातला गाळ आणि शेवटी पाळी, म्हणजे वरवरची मशागत. नांगर गाळाच्या आधीच फिरवायचा. गाळ वर पडला की खालचा दगड झाकतो आणि तो थेट पेरणीच्या वेळी सापडतो.

30 डिसेंबर

वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातल्या पूजेचा सण. ट्रॅक्टरला आज एवढंच काम, ट्रॉलीत सतरंजी टाकून सगळा गोतावळा शेतात आणणं. कडब्याची कोप, अंबिल, भज्जी, बाजरीचे उंडे. पाच पांडव मांडायला यंदा दगड शोधत कुणाला लांब जावं लागलं नाही. पाहुण्यांना पट्टी दाखवली. प्रत्येकानं वेगळा सल्ला दिला.

9 जानेवारी 2025

बाभळीचे बुडखे. झाडं आधीच तोडून ठेवली होती, बुडखा कमरेइतका उंच ठेवून. तो उंच ठेवायचा कारण साखळी वर बांधली की तरफ मिळते आणि मूळ कमी जोरात उचकतं. भोवतीनं हातभर खणून आडव्या मुळ्या कुऱ्हाडीनं तोडल्या, मगच ट्रॅक्टर.

भावानं साखळीचं दुसरं टोक टॉप लिंकच्या, म्हणजे नांगराच्या वरच्या जोडाच्या, कानात अडकवायला घेतलं तसे तात्या बांधावरूनच ओरडले, "वर कशाला अडकवायलाव मालक? खाली घाला, ड्रॉबारला!" तात्या सहसा आवाज चढवत नाहीत. पण हे त्यांनी जवळच्या गावात डोळ्यांनी पाहिलंय. ओढ मागच्या एक्सलच्या वरून आली आणि बुडखा हलला नाही, की मागची चाकं जमीन धरून राहतात आणि ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. ड्रायव्हरला क्लच दाबायचं सुचेपर्यंत ट्रॅक्टर उलटा होऊन अंगावर येतो. झाडाला साखळी उंच, ट्रॅक्टरला खाली, एवढं एकच लक्षात ठेवायचं. पहिला लो गिअर, साखळी आधी हळूच ताणून घ्यायची, झटका द्यायचा नाही. लोखंडी दोरापेक्षा साखळी बरी, दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो. ओढताना पोरांना लांब पिटाळलं.

वेडी बाभूळ नुसती कापली तर महिन्यात चारपट फुटते. म्हणून जमिनीखालचा गड्डा निघाला का ते प्रत्येक खड्ड्यात उतरून पाहिलं. काटेरी फांद्या दंताळ्यानं गोळा करून बांधाला लावल्या. तरी संध्याकाळी पुढच्या टायरात काटा निघालाच. ट्यूब पंक्चर. सरपण मात्र वर्षभर पुरेल एवढं झालं, आई खूश.

18 जानेवारी

तुरीची मळणी. पट्टीचं काम बंद.

मळणीयंत्र गावातलं, ट्रॅक्टर आपला. दुपारी जोड शाफ्टमधून कटकट आवाज यायला लागला. बंद करून पाहिलं तर क्रॉस गेलेला. क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या असतात, वाटीत सुईएवढे बारीक रोलर. एका वाटीत ग्रीस नव्हतंच, सुया जळून निळ्या झालेल्या, दोन तर मोडून तिथंच पावडर झाल्या होत्या. औशाहून नवा क्रॉस आणेपर्यंत तूर तशीच पडून. सर्कलिप काढून जुना ठोकून बाहेर, नवा बसवताना चारही वाट्यांत सुया उभ्या आहेत ना हे बोट फिरवून पाहायचं. एक जरी आडवी पडली तरी वाटी पूर्ण बसत नाही आणि सर्कलिप खाचेत जात नाही. मग लोक हातोड्यानं ठोकून बसवतात आणि दोन दिवसांत तोच आवाज परत.

पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद यंत्राला देणाऱ्या शाफ्टचा, वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. त्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं कवच आमच्या भागात कुणाच्याच ट्रॅक्टरवर दिसत नाही. घेताना असतं, पहिल्या वर्षात तुटतं, दुसरं कुणी आणत नाही. मी मागवलं. कवच येईपर्यंत मळणीला धोतर, उपरणं आणि साडीचा पदर शाफ्टजवळ नको, म्हणून बायामाणसांना पलीकडच्या बाजूनं पेंढ्या द्यायला लावल्या. काकूंनी कुरकुर केली, धुरळा त्याच बाजूला येत होता.

2 फेब्रुवारी

आजपासून दगड.

हा शेतातला दगड नाही, घरांचा आहे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं त्यात या भागातली बरीच माणसं भूकंपापेक्षा भिंतींखाली गेली, असं आबा म्हणतात, आणि तज्ज्ञांनीही पुढं तेच सांगितलं. भिंती दोन-अडीच फूट रुंद, बाहेरून आणि आतून दगड, मधे मातीचा भराव, दोन्ही थरांना बांधणारा आडवा दगड क्वचितच. वर माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर चढायचा आणि छत जड होत जायचं. हादरा बसला तसे भिंतीचे दोन थर सुटून वेगळे झाले. लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातली 52 गावं मग नव्या जागी बसवली. आमच्या बांधावर पडलेला दगड त्यातलाच. काही घडीव, कोपऱ्याचे. बहुतेक ओबडधोबड, दोन्ही हातांत जेमतेम मावणारे.

भरताना आम्ही दोन ढीग करतोय. घडीव दगड शेडच्या जोत्याला, बाकीचा ओढ्याच्या कडेला, जिथं दर पावसाळ्यात बांध खचतो तिथं रचायला. एक फुटकं उखळ निघालं, आईनं कोंबड्यांच्या पाण्याला नेलं.

ट्रॉली भरण्यातही अक्कल लागते. दोन चाकी ट्रॉलीत वजन एक्सलच्या किंचित पुढं हवं. मागं जास्त झालं की ट्रॉलीचं तोंड वर उचलतं, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं ओझं कमी होतं आणि चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. उतारावर याउलट भीती, ट्रॉली मागून ढकलते. उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, मधे न्यूट्रल करायचं नाही, आणि दोन्ही ब्रेक पेडल पट्टीनं जोडून ठेवायचे. शेतात वळताना ते सुटे लागतात, रस्त्यावर सुटे राहिले आणि एकच दाबला गेला तर ट्रॉली आडवी. गावातली निम्मी पोरं ही पट्टी लावतच नाहीत.

10 फेब्रुवारी

दगड.

24 फेब्रुवारी

हरभरा काढला. पहाटेच्या दवात उपटला की घाटे फुटत नाहीत, म्हणून चारला माणसं शेतात. ट्रॅक्टरनं फक्त वाहतूक. उतारा बरा आहे. मर रोगानं खालच्या बाजूला टक्कल पडलं होतं, तिथं पुढच्या वर्षी हरभरा नको.

8 मार्च

आज नांगर पट्टीत घातला. काढलेल्या हरभऱ्याच्या रानातही घालायचाय, पण आधी इथं, कारण इथं काय निघेल ते माहीत नाही.

दगडाच्या रानात हायड्रॉलिकचा कोणता लिव्हर वापरायचा हे महत्त्वाचं. पोझिशन कंट्रोलवर नांगर ठरलेल्या खोलीलाच राहतो, समोर काहीही येवो. ड्राफ्ट कंट्रोलवर ओढ वाढली की लिफ्ट आपोआप थोडा उचलते. आम्ही ड्राफ्टवर ठेवला आणि खोली पहिल्या फेरीला फक्त सहा इंच. दुसऱ्या फेरीला आडवा, दहा इंच. एकदम फूटभर घालायचा हट्ट केला असता तर दिवसाअखेर नांगर गॅरेजमध्ये असता.

नांगराच्या दांडीला शिअर बोल्ट असतो. तो तुटण्यासाठीच असतो, म्हणजे बाकीचं वाचतं. आज तो तुटत राहिला आणि दर वेळी भाऊ म्हणत राहिला की याच्या जागी चांगला हाय-टेन्सिलचा टाकू, एकदाच. बोल्ट वीस-पंचवीस रुपयांचा. तो टिकला तर दांडी वाकणार, नाहीतर लिफ्टचा हात. खिशात मूठभर तसलेच बोल्ट आणि सतरा नंबरचा पाना, यापेक्षा मोठी सोय लागत नाही.

तात्या नांगरामागं चालत होते, हातात चुन्याची पिशवी. आवाज आला की तिथं चुना. संध्याकाळी पट्टीकडं पाहिलं तर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी एका ओळीत होती, पूर्व-पश्चिम. आबा म्हणाले, तिथनं वाट जायची, वाटेच्या कडेला कुणाची तरी कंपाउंडाची भिंत होती. म्हणजे पाया अजून खाली आहे. तो उकरणार नाही. त्या ओळीवर पेरायचं नाही, तिथं बांध घालायचा. जमीन थोडी जाईल, पण उताराला आडवा बांध तसाही हवाच होता.

16 मार्च

हरभऱ्याच्या रानाची नांगरट. तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट पुरे, दरवर्षी नको, हे माझं मत आणि त्यावरून घरात दरवर्षी वाद. यंदा तिसरं वर्ष, त्यामुळं वाद नाही. ढेकळं डोक्याएवढी निघतायत. निघू द्या, एप्रिल-मेच्या उन्हात तापतील, हुमणीच्या अळ्या वर येतील आणि बगळे-साळुंक्या वेचतील. कुंदा आणि हराळीच्या मुळ्याही उन्हात वाळतात.

शेजाऱ्यांनी त्याच दिवशी त्यांच्या रानात रोटाव्हेटर घातला. रान पिठासारखं दिसतंय, पाहायला छान. पहिल्या मोठ्या पावसात ते पीठ वरच्या वर बसेल, खपली धरेल आणि सोयाबीनचा कोंब खाली अडकेल. शिवाय दर हंगामाला त्याच खोलीला पाती फिरली की खाली कडक थर तयार होतो, पाणी मुरत नाही. रोटाव्हेटर वाईट औजार नाही, उसाच्या खोडव्याला दुसरं काही चालत नाही. पण कोरडवाहू काळ्या रानात तो दरवेळी कशाला?

30 मार्च

पाडवा. ट्रॅक्टर धुतला, हळद-कुंकू, बॉनेटवर साखरेची गाठी. तात्यांचा सालाचा हिशेब झाला, पुढचं साल ठरलं. रक्कम आबा आणि त्यांच्यातच. तात्यांनी एकच अट घातली, "रातच्याला नांगरट करायची आसल तर मागचा लाईट बसवा." बसवला.

11 एप्रिल

सर्व्हिस. इंजिन ऑइल, फिल्टर. एअर क्लीनरच्या वाटीत तेलाखाली बोटभर गाळ बसला होता. मळणी आणि कोरडी नांगरट लागोपाठ झाली की ही वाटी आठवड्यालाच पाहायला हवी. रेडिएटरच्या जाळीत तुरीचं भुस्कट.

डिझेल फिल्टरच्या काचेच्या वाटीत पाण्याचा थेंब फिरताना दिसला. कॅनमधून आलं की पंपावरून, सांगता येत नाही. वाटी काढून धुतली, बसवली, आता ट्रॅक्टर सुरू होईना. हवा धरली. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसंच. तरी नाही घेतला तर इंजेक्टरचे नट सैल करून स्टार्टर मारायचा. इथपर्यंत वेळ आली नाही. हे ज्याला येतं त्याला मिस्त्रीची वाट पाहत दुपार घालवावी लागत नाही.

24 एप्रिल

गाळ. गावाजवळचा पाझर तलाव 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खणलेला, आबांची आई तिथं खडी फोडायला होती. आता उन्हाळ्यात त्याचा तळ उघडा पडतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 पासून आहे. ग्रामपंचायतीकडून रीतसर उचलायचं.

गाळाबद्दल लोक मोठ्या अंदाजानं बोलतात, त्यामुळं हिशेब मांडून पाहिला. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. पाऊण एकरावर 3 इंच थर द्यायचा तर 8,100 घनफुटांच्या वर, म्हणजे साधारण 82 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट). आमच्या ट्रॉलीत सपाट भरली तर एक ब्रास बसतो आणि तेवढ्याचंच वजन साडेतीन टनांच्या आसपास जातं. वर शीग लावून भरणारे आहेत, त्यांच्या ट्रॉलीचे एक्सल पाहावेत.

तेव्हा सगळीकडं 3 इंच हे विसरायचं. पट्टीच्या वरच्या अंगाला मुरूम दिसतो तेवढ्यात थर द्यायचा, खालच्या अंगाला काळी आहे तिथं काही नको. चांगल्या काळीवर चिकण गाळ टाकून पाण्याचा निचरा बिघडवण्यात काय हशील? तलावाच्या सगळ्या भागातला गाळही सारखा नसतो. येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी वाळू जास्त, भिंतीजवळ चिकण. आम्ही मधला उचलतोय. वर पांढरं मीठ फुटलेला तुकडा सोडून.

ट्रॉलीचे ढीग ओळीनं टाकायचे, ट्रॅक्टरच्या मागं ब्लेड लावून पसरायचे. पहाटे पाच ते दहा, नंतर उन्हात लोखंडाला हात लागत नाही.

14 मे

आभाळ आलं आणि गाळ अर्ध्यात राहिला. मेच्या मध्यावर वळीव येतो, जातो, त्याचं काही नाही. हा जायला तयार नाही. तलावाची वाट चिखल झाली. वेचून ठेवलेले शेवटचे दगड पट्टीच्या कडेलाच पडून.

27 मे

केरळात मान्सून 24 तारखेला आला, मुंबईत काल 26 ला. मुंबईत एवढ्या लवकर तो कधी आल्याची नोंद नाही म्हणतात. आमच्याकडं मे महिन्यात असं पाणी आबांनाही आठवत नाही. ओढा वाहतोय. नांगरलेल्या रानात ढेकळं तापायची तेवढी तापली, आता त्यांचा लगदा आहे.

गावात दोन तट. एक म्हणतो पाऊस आलाच आहे, टाका बी. दुसरा म्हणतो अजून मृग लागायचाय. कृषी विभागही घाई करू नका म्हणून सांगतोय. आम्ही दुसऱ्या तटात, पण त्याचं कारण नक्षत्र नाही. रानात ट्रॅक्टर जाऊच शकत नाही. ओल्या काळीत मागच्या चाकाखाली माती दाबली जाते ती वीतभर खोल, आणि तो पट्टा पुढं दोन हंगाम ओळखू येतो, तिथलं पीक बुटकं राहतं. घरी ट्रॅक्टर उभा आहे म्हणून वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, लवकर येत नाही.

वरच्या वस्तीवरच्या एकानं घाई केली, ट्रॅक्टर पोटापर्यंत रुतला. काढायला गेलो. चाक फिरवत राहिलं की ते स्वतःचा खड्डा खोल करतं. आधी कल्टिव्हेटर सोडून वजन कमी केलं, चाकापुढं उतरती वाट खणली, तुराट्यांच्या पेंढ्या दाबून घातल्या. मग डिफ लॉक दाबला, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरतात. डिफ लॉक असताना स्टिअरिंग वळवायचं नाही, सरळच बाहेर. आमच्या ट्रॅक्टरनं ओढायचा विचारही कुणी केला नाही. एकाचे दोन रुतले असते.

6 जून

चार दिवस उघाड. सकाळी मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. वरच्या अंगाचा फुटून विखुरला, खालच्या अंगाचा नुसता चपटा झाला. म्हणून वरच्या अंगाला कल्टिव्हेटर, खालच्याला अजून दोन दिवस.

या पावसाचा एक फायदा झाला, तो मान्य करायला हवा. तणाचं बी सगळं एकदम उगवलं. पाळी घातली आणि केना, कुर्डू, हराळी सगळं मुळासकट उन्हात. एरवी हेच तण सोयाबीनबरोबर उगवलं असतं आणि फवारणीचा खर्च झाला असता. गाळाचे ढीगही विरघळून बसले होते, ब्लेडऐवजी कल्टिव्हेटरनंच मिसळले. उरलेला गाळ पुढच्या उन्हाळ्यात.

12 जून

बियाण्याची उगवण तपासली. घरचं बी, शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळले होते, 81 उगवले. सत्तरच्या वर असलं की चालतं. सोयाबीनची साल पातळ, पोती आदळली तरी उगवण घटते, म्हणून उचलायला दोघं.

17 जून

पेरणी. रुंद वरंबा सरीचं यंत्र, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लोक कधीपासून सांगतायत. मधे चार ओळींचा वरंबा, दोन्ही बाजूंना सरी. जास्त पाणी झालं तर सरीतून निघून जातं, ताण पडला तर सरीत मुरलेलं वरंब्याला मिळतं. मेमध्ये जे पाहिलं त्यानंतर भावानंही वाद घातला नाही.

बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, आणि सावलीत सुकवलं. क्रम उलटा केला तर जिवाणू मरतात. खोली दीड इंचाच्या आसपास. मोठी अडचण नळ्यांची. ओलसर मातीनं फणाच्या तोंडाशी नळी बुजते, वर पेटीत बी हलताना दिसतं, ड्रायव्हरला वाटतं पडतंय, आणि खाली ओळ रिकामी. तात्या मागं चालत प्रत्येक वळणाला नळ्या काडीनं टोचत होते. सरळ पेरायचं कौतुक सगळ्यांना असतं, मागं चालणाऱ्याकडं कुणी पाहत नाही.

पट्टीत एकदाच खणकलं. फण उचलला, दगड काढला, पुढं. नव्या बांधाच्या दोन्ही कडांना तुरीच्या ओळी.

25 जून

उगवण झाली. हरभऱ्याच्या रानात दाट, एकसारखी. पट्टीत गाळ पडलेल्या भागात चांगली, मधल्या टापूत विरळ. तिथली माती राखाडी, भुसभुशीत, भिंतीतल्या मातीसारखी. कारण काही असो, त्या टापूत यंदा नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, भरून तूर टोकली आणि पावसाळ्यानंतर मातीचा नमुना तपासणीला द्यायचा.

8 जुलै

कोळपणी. वरंब्यावर ट्रॅक्टर घातला तर चाक सरीत बसतं खरं, पण आमचं चाक रुंद आहे, कडेची ओळ दाबतं. मामांची बैलजोडी दोन दिवस आणली, मोबदल्यात त्यांच्या उसाला सरी पाडून द्यायची. आबा कोळप्यावर, त्यांना ट्रॅक्टरवर बसवलेलं कधीच आवडलं नाही.

राहिलेली कामं: ट्रॉलीच्या फाळक्याचं वेल्डिंग, पुढचं डावं टायर, क्रॉस एक जादा आणून ठेवणं, ओढ्याकडचे दगड पाऊस उघडला की रचणं. मामांची सरी गुरुवारी.